सावळ घाटातला कौल

गडावरच्या आईवर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलेल्या बाईने अशी सुरुवात करू नये, असं आमच्या भजनी मंडळातल्या एका मावशींचं मत पडलं. पण खोटं लिहून आईला काय फसवणार? सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. लग्न होऊन आले तेव्हापासून दर वर्षी गड चढले, ओटी भरली, नवरात्राचे उपास केले. आणि त्या हिवाळ्यात मात्र रोज तिच्या फोटोपुढे दिवा लावायची आणि हात न जोडताच वळायची. अठरा हात आहेत तुला, मनात म्हणायची, आणि अठराही हातांत काही ना काही धरलेलं. त्यातल्या एका हातात पाना धरला असतास तर आमच्या कामी आली असतीस.

पान्याची आठवण यायचं कारण आमची पिकअप. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला आता बराच काळ लोटला. आठवड्यातून दोनदा त्यांना नाशिकला डायलिसिसला न्यावं लागतं. एका नळीने रक्त बाहेर काढायचं, यंत्रातून धुऊन घ्यायचं आणि दुसऱ्या नळीने परत अंगात सोडायचं. आमचं गाव पेठ रस्त्याला, करंजाळीच्या पुढे आत. एसटी आहे, पण ती तिच्या मर्जीने येते, आणि डायलिसिस करून आलेल्या माणसाला गर्दीत दांडीला धरून उभं करता येत नाही. मुलगी मनमाडला दिलीय, जावई रेल्वेत आहेत. ती म्हणते, दोघंही इकडे या. पण हे शेत सोडून कुठे जायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तेव्हा राहता राहिली पिकअप. जुनी, डिझेलची, कधीकाळी पांढरी असावी असं म्हणता येईल अशी. यजमानांनी ती दुसऱ्याकडून घेतली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यातून कारली-टोमॅटोचे क्रेट मार्केटला नेले होते. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी चावी माझ्याकडे दिली. तोवर मी ती मळ्यातून घरापर्यंतच आणलेली. नाशिकच्या वाटेवरचा सावळ घाट चढवायला मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खात खात शिकले.

दिवाळी झाली आणि गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. सपाटीला शहाण्यासारखी चालायची. घाट लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की झटके मारायची, खोकायची, दम टाकायची आणि बंद पडायची. थोडा वेळ थांबून सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू! नाशिकच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. भला माणूस, हातचं राखून काम करणारा नाही. त्याने डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली, नोझल तपासून आणले, एअर फिल्टर साफ केला. गॅरेजच्या दारात गाडी एकदाही चुकली नाही. डॉक्टरपुढे जाऊन बसलं की दुखायचं थांबतं, त्यातली गत.

"ताई, मला काही सापडत नाहीये," तो म्हणाला. "बंद पडते तेव्हाच बघायला पाहिजे. आणि बंद तर ती तुमच्या घाटातच पडते."

त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. टाकीतून निघालेली नळी, ते डिझेल ओढून आणणारा छोटा फीड पंप, त्याच्यावरची हाताने दाबायची मूठ, पुढे फिल्टर, त्याच्या पुढे मोठा पंप. कुठे हवा शिरत असेल तर मूठ पोकळ लागते, तो म्हणाला. पंपाच्या मागे कुठे अडलं असेल तर मूठ दाबल्यावर वरच येत नाही, आतून कोणी धरून ठेवल्यासारखी. ठिबकची नळी कुठे चोंदली ते शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे यात मला नवीन असं काही वाटलं नाही. पाण्याच्या जागी डिझेल, एवढाच फरक. तेव्हापासून मी गाडीत एक डिझेलचा भरलेला कॅन आणि पाने-पक्कड ठेवायला लागले.

पण घरात वेगळंच शिजत होतं. आमच्याकडे कौल लावायची रीत आहे. पेरणी असो, सोयरीक असो, आजारपण असो, देवळात जायचं, देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला फूल चिकटवायचं आणि हात जोडून वाट बघत बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग त्यावर कुणी वाद घालत नाही. यजमानांचा यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. गाडी पुन्हापुन्हा बंद पडायला लागली. नंतर एकदा म्हणाले, "आई आडवी येऊन राहिली." मी ते हसण्यावारी नेलं. मग एका फेरीला गाडी अशी अडून बसली की आम्हाला अर्ध्या वाटेतून माघारी यावं लागलं आणि त्यांचं डायलिसिस चुकलं. डॉक्टरांनी फोनवर मला बजावलं, एक चुकलं ते चुकलं, आता पुढचं काही झालं तरी चुकवू नका. तोवर यांचे पाय सुजले होते, डोळे सुजले होते, आडवं झालं की दम लागत होता. आणि हा माणूस शांत होता. दुखतंय म्हणायचे नाहीत, चिडायचे नाहीत. मला त्या शांतपणाचीच भीती वाटायला लागली.

पुढच्या फेरीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "हे बघ, मी ठरवलंय. आज गाडी घाट नीट चढली तं जाऊ. मधी बंद पडली तं माघारी फिरायचं. मंग पुन्हा नाशिकचं नाव नाय काढायचं. ना मशीन, ना सुई. हाच माझा कौल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ती बोलवती तं जावं माणसानं. तू तरी किती दिवस अशी घाट चढशील?"

मशीन बंद केलं की काय होतं हे आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलेलं. त्या वेळी मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. "कौल देवळात लावतात, घाटात नाय," मी म्हणाले. "आन् लावायचाच तं फुलाचा लावा. त्या खटाऱ्याला काय कळतं, कोण जगावं न् कोण मरावं?" ते नुसते हसले. मी त्यांना शाल गुंडाळली आणि गाडीत बसवलं. गाडी हलकी राहावी म्हणून त्या दिवशी मालही घेतला नाही. डॅशबोर्डवर आईचा फोटो आहे. तिच्याकडे मी काही मागितलं नाही. तिला सांगितलं, तू देशील तो कौल दे, मी आज या गाडीचं दुखणं शोधून काढणार म्हणजे काढणार.

घाटाच्या सुरुवातीला गाडी झकास चालली होती. यजमान खिडकीबाहेर बघत होते; आपल्या ओळखीचं रान माणूस शेवटचं बघून घेतं तसं बघत होते, आणि ते माझ्याच्याने बघवत नव्हतं. चढ वाढला, मी गिअर खाली घेतला आणि पहिला झटका बसला. मग दुसरा. इंजिन खोकायला लागलं आणि मी कडेला घेईपर्यंत बंद पडलं.

"झालं," यजमान म्हणाले. "डावा दिला."

मी उतरून चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि गाडी बंद पडल्या पडल्या फीड पंपाच्या मुठीवर हात ठेवला. असं ऐन वेळी आजवर कुणीच केलं नव्हतं. मूठ दाबली. आत गेली, पण वर यायलाच तयार नाही. म्हणजे हवा नव्हती. पुढचं काही बिघडलं नव्हतं. मागे, नळीत नाहीतर टाकीत, डिझेलचा घोट अडत होता. मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने तीच मूठ आपोआप सैल होऊन वर आली, म्हणजे अडलेलं सुटलं. सेल्फ मारला, गाडी चालू. पुढच्या वळणाला परत बंद, आणि मूठ परत घट्ट.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला आनंद झाला. इतके दिवस हुलकावणी देणारं दुखणं हाताला लागलं होतं. "सापडलं!" मी ओरडले. "टाकीकडून डिझेलच येत नाय. टाकी सोडून दिली आन् कॅनातून डिझेल दिलं तं चढंल ती."

"मंग दे की."

"नळी नाय."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती, दयाच होती. "बघ मंग," ते हळूच म्हणाले. "कारण सापडलं तरी वाट बंदच हाय. तिच्या मनात नाय, एवढं समजून घे. वळव गाडी."

घरी ठिबकच्या नळीची भेंडोळी उंदीर कुरतडत पडलीत आणि इथे वीतभर तुकडा नाही. मी सीटखाली शोधलं, मागे हौद्यात शोधलं, ताडपत्रीची दोरी आणि फाटका सुंभ यापलीकडे काही मिळालं नाही. परत बॉनेटपुढे येऊन उभी राहिले आणि माझं बळ सरलं. गाडी वळवणं सोपं होतं. उतारावर तर ती छान चालते. फक्त त्या उताराच्या तळाशी आमचं घर होतं आणि घरात पुढे काय होणार ते मला दिसत होतं. डिझेलने माखलेले हात मी जोडले, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, आणि मोठ्याने म्हणाले, "आई, मला कळत होतं तेवढं मी केलं. याच्या पुढचं मला येत नाय. नळी तू दे, नाय तं तू ये." भक्ती वगैरे काही नव्हती त्यात. थकून गेले होते आणि दुसरं कोणी समोर नव्हतं. मग मी रस्त्यावर जाऊन हात आडवा करून उभी राहिले. गाड्या हॉर्न देत बाजूने निघून गेल्या. बरोबर आहे, घाटात चढावर कोण थांबतो?

खालून एक मोटरसायकल कण्हत कण्हत आली आणि थांबली. पुढे एक गवंडी, मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर घमेलं आणि घमेल्यात थापी-ओळंबा. आणि गवंड्याच्या खांद्यावर वेटोळं करून टाकलेली लेव्हलची नळी. पाणी भरून भिंतीची पातळी बघतात ना, ती आरपार दिसणारी नळी. मी तिच्याकडे बघतच राहिले. अंगावर काटा आला म्हणतात तो मला तिथे कळला.

"काय झालं वं बाई? डिझेल सरलं का?" त्याने विचारलं.

"दादा, ती नळी द्या," मी म्हणाले. ना ओळख, ना पाळख.

त्याने नळीवर हात ठेवला. "ही? ही कामाची हाय. आज जोत्याची लेवल काढायचीय नाशकात."

मी गाडीतल्या यजमानांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, यांना मशीनवर न्यायचंय, मागची फेरी चुकलीय. त्याच्या आधी त्याची बायकोच उतरली. खिडकीपाशी जाऊन तिने आत वाकून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "द्या की वं. माणूस बघा कसा सुजलाय." त्याने खांद्यावरून वेटोळं काढून माझ्या हातात दिलं.

आता दोन तुकडे लागणार होते. एक कॅनातून पंपाकडे डिझेल नेणारा आणि दुसरा पंपाने नको म्हणून परत पाठवलेलं डिझेल कॅनात आणणारा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा झाला असता. मी सुरी काढली आणि माझा हात थांबला. दुसऱ्याच्या हत्यारावर सुरी चालवायची म्हणजे पाप वाटतं. गवंड्याने ते पाहिलं. "काप," तो म्हणाला. "आख्खी असो का अर्धी, पाणी दोन्हीत सारखंच ऱ्हातं." मी कापली. त्याला इंजिनातलं काडीचं कळत नव्हतं, तसं त्याने सांगूनही टाकलं. पण त्याच्याकडे सळ्या बांधायची तार होती. मी टाकीकडच्या नळ्या सोडवून ह्या जोडल्या आणि त्याच्या बायकोने तार पिळून त्या अशा आवळल्या की मला पक्कड लावायची गरजच पडली नाही.

राहिला प्रश्न कॅनचा. तो उंचावर हवा आणि कुणीतरी धरून बसायला हवा, कारण मागे हौद्यात तो पहिल्याच वळणाला आडवा झाला असता. मी इकडेतिकडे बघत होते तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "दे इकडं."

यजमानांनी शाल बाजूला सारली होती. सुया टोचायच्या असतात म्हणून डाव्या हाताने त्यांना वजन धरायची मनाई आहे. त्यांनी कॅन मांडीवर घेतला, उजव्या हाताने कवटाळला आणि दोन्ही नळ्यांची मोकळी टोकं खिडकीतून आत घेऊन कॅनात सोडली. मग त्या नळ्यांकडे बघत म्हणाले, "एक नेणारी, एक आणणारी. आधी हिचं डायलिसिस, मंग माझं." किती तरी दिवसांनी या माणसाने चेष्टा केली. मी हसले आणि मग तिथेच, मडगार्डवर डोकं ठेवून रडून घेतलं. गवंडीण म्हणाली, "रडा नंतर, आधी गाडी लावा."

मूठ दाबली तशी डिझेलची पिवळी रेघ नळीतून सरसर उतरली. एक बुडबुडा नाही. सेल्फ मारला, इंजिन उठलं. बॉनेट तारेने अर्धवट बांधून आम्ही निघालो. चढावर मी जीव मुठीत धरून ॲक्सिलरेटर दाबला. झटका नाही, खोकला नाही. शेजारून सारख्या सूचना चालू होत्या. "दाब. घाबरू नको, लय डिझेल हाय अजून. वळणावर सांभाळ, हिंदकळतंय. आता दाब." इतके महिने मी त्यांना नेत होते आणि आणत होते, आणि ते मुकाट्याने येत-जात होते. त्या दिवशी गाडी त्यांच्या मांडीवर चालली होती. घाटमाथा आला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं, पण कौलाचं त्यांनी काही काढलं नाही आणि मीही नाही. आरशात मागे ती मोटरसायकल दिसत होती. नाशिकमध्ये शिरेपर्यंत ती आमच्या मागेच राहिली, मग हात करून एका फाट्याला वळली.

दवाखान्यात आमची वेळ टळून गेली होती, पण यंत्र अजून कुणाला दिलेलं नव्हतं. सिस्टरनी आधी नाकाला रुमाल लावला. "काका, डिझेल प्यायलात की काय?" म्हणाल्या, आणि हात धुवायला पाठवलं. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं. पण बसून राहिले नाही. दुखणं कुठे आहे ते कळलं होतं, काय आहे ते अजून कळायचं होतं. कॅन शेजारच्या सीटला दोरीने बांधून मी तशीच गाडी हळूहळू मेकॅनिककडे नेली. त्याने मांडीवरच्या कॅनची हकिगत ऐकली, कपाळाला हात लावला आणि टाकी उघडायला घेतली.

टाकीच्या आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते. त्या जाळीवर एक पान बसलं होतं. डिझेलने काळं पडलेलं, पण आख्खं, दोन पानं जोडल्यासारखं. चढावर पंप जोरात ओढायला लागला की पान जाळीला चिकटायचं आणि डिझेल अडायचं. इंजिन बंद झालं की ते सुटून खाली जायचं. सगळ्या खेळाचा उलगडा झाला.

"ताई, टाकीला तर चावीचं झाकण आहे," मेकॅनिक म्हणाला. "यात आपट्याचं पान आलं कुठून?"

कुठून आलं ते मला पान बघताक्षणीच कळलं होतं. दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि सोनं म्हणून आपट्याची पानं. त्या वर्षी मी पुढे बॉनेटपाशी पूजा करत होते तेव्हा हे काठी टेकत गाडीच्या मागच्या अंगाला गेले होते. चावी मागून घेतली होती त्यांनी. मी म्हटलं होतं, काय करताय? तर म्हणाले, नमस्कार करतोय. माझा संताप संताप झाला. स्वतःच टाकीत पान टाकायचं, आणि गाडी बंद पडली की आईने डावा कौल दिला म्हणायचं! पान कागदात गुंडाळून मी दवाखान्याकडे निघाले ती वाटेत भांडणाची तयारी करतच.

ते कॉटवर पडून होते. सूज अजून होती, पण श्वास शांत चालला होता. मी कागद उलगडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पान पाहिलं, ओळखलं आणि मान वळवली. मग म्हणाले, "मीच टाकलं."

"कशाला?"

"आता माझ्याच्यानं गाडी धरवत नव्हती. तुझ्या हाती दिली. घाट असा, गाडी अशी, तू एकटी. म्हटलं, आईचं सोनं असू द्यावं तिच्या पोटात. हिला वाटेत टाकायची नाय."

माझं भांडण तिथेच विरलं. ज्या गाडीने मला वाटेत टाकू नये म्हणून या माणसाने तिच्या पोटात सोनं घातलं, ती त्या सोन्यानेच वाटेत बसत होती; आणि ती बसते म्हणून हा माणूस जगाचा निरोप घ्यायला निघाला होता. मला हसू फुटलं. आवरेना. सिस्टर दारातून डोळे वटारून गेल्या तरी आवरेना. मग तेही हसायला लागले, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांना पुसता येईना, कारण एका हाताला सुया आणि दुसरा हात माझ्या हातात.

"म्हणजे डावा नव्हता तो," ते म्हणाले.

"पान होतं ते."

त्यांनी छताकडे बघत विचार केला. आता काय बोलतात याची मी वाट बघत होते. माझा सगळा जीव त्यांच्या पुढच्या शब्दात होता, आणि तो कुठल्याही फुलाने ठरणार नव्हता. "पुढच्या फेरीला जरा लवकर निघू," ते म्हणाले. "त्या गवंड्याची नळी द्यायचीय ना. त्याचं जोतं खोळंबलं असंल."

ते वळले होते त्या फाट्यावर विचारत विचारत गेलो आणि नळी परत केली. लोक म्हणतात, गवंड्याच्या रूपात आईच आली होती. मी त्यांना काही म्हणत नाही, पण त्या गवंड्याला मी आता चांगली ओळखते. तो आमच्यापासून तीन गावं सोडून राहतो, तंबाखू खातो आणि नळीला डिझेलचा वास येतो म्हणून त्याने मला चांगला अर्धा तास ऐकवलं. मी नवी आणून दिली तेव्हा गप्प बसला. त्याच्या बायकोने मात्र माझी ओटी भरली. त्या सकाळी त्याच वेळेला, ती नळी खांद्यावर टाकून तो घाट का चढत होता, याचं कारण त्याला विचारलं तर तो सांगतो, कामाला चाललो होतो. मी त्यापुढे खोदत नाही. मला तेवढं पुरतं.

एक मात्र समजलं. शरण जायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मला पूर्वी वाटायचं, आणि म्हणून ते मला कधी जमलं नाही. माझा स्वभावच तसा नाही. यजमान तसे शरण गेले होते, आणि ते काही आईला हवं होतं असं मला वाटत नाही. आपल्याला कळतं तिथवर शोधत जायचं, मूठ दाबून बघायची, चाकाला दगड लावायचा, आणि जिथे आपलं संपतं तिथे लाज न धरता मागायचं. मग जे येईल ते, अर्धं असो का आख्खं, हात पुढे करून घ्यायचं. मी घेतलं. त्याबद्दल आईपुढे मी रोज डोकं टेकते, आणि आता रुसायला मला कारण सापडत नाही.

आज फेरीचा दिवस आहे. बाहेर यांनी सेल्फ मारलाय. निघायच्या आधी गाडी गरम करून ठेवायचं काम हल्ली त्यांनी आपल्याकडे घेतलंय. "आटप की गं," म्हणताहेत, "किती लिहिशील? माझा नंबर चुकंल ना." आई, तुझे फार उपकार आहेत. निघते.